चित्र देखणं आहे, पण ते दुसऱ्याच खेळाचं आहे

प्रश्न थोडक्यात असा. दोघांनी मिळून एक अंतराळ-सिम्युलेशन केलं आहे. मालवाहू यान चालवायचं, कक्षा बदलायची, इंधनाचा हिशेब ठेवायचा आणि शेवटी कक्षेत फिरणाऱ्या स्थानकाला यान जोडायचं, म्हणजे डॉकिंग करायचं. लढाई नाही, परग्रहवासी नाहीत. स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानात पान उघडलंय, चित्रकाराला पैसे देऊन मुखपृष्ठ करून घेतलंय, बघणारे सगळे ‘मस्त’ म्हणतात आणि विशलिस्ट, म्हणजे ‘पुढे घेऊ’ म्हणून खेळ नोंदवून ठेवणाऱ्यांचा आकडा, मात्र हलत नाही. चित्रात जांभळा तेजोमेघ, उजवीकडे वर कडी असलेला ग्रह, डाव्या खालच्या कोपऱ्यातून आत झेपावणारं यान, त्यामागे लांब नारिंगी ज्वाळा, मधोमध बारीक आणि विरळ रोमन अक्षरांत नाव, आणि त्याखाली देवनागरीत ‘कक्षा गाठा, माल पोचवा’ अशी ओळ. यात काय बिघडलंय, देवनागरी ओळ ठेवावी का, आणि बदलायचं तर आत्ता की नेक्स्ट फेस्ट, म्हणजे स्टीमचा येऊ घातलेल्या खेळांच्या डेमोंचा महोत्सव, उरकल्यावर, असं विचारलंय.

चित्रकाराचा हात पक्का आहे. यानाच्या धातूवरची चमक, ग्रहाच्या कड्यांमधल्या फटी, तेजोमेघाचा पोत, सगळं सरावाचं काम आहे. भिंतीवर लावायला मीही घेईन. पण मुखपृष्ठ म्हणून ते तुमच्या खेळाचं नाही. ते पाहून कुणालाही वाटेल की या यानाला तोफा आहेत, समोर कुठेतरी शत्रू दडलाय आणि आता गोळीबार सुरू होणार. तसला खेळ शोधणारा माणूस आत येतो, डेल्टा-व्हीचा, म्हणजे कक्षा बदलायला वेगात किती बदल लागेल याचा, तक्ता बघतो आणि आल्या पावली परत जातो. ज्याला तो तक्ता बघून खरोखर आनंद होईल, तो आत येतच नाही. खरी अडचण ही आहे. बाकीच्या तक्रारी तिच्याच पोटातल्या.

तरी आधी मापाचं बोलू, कारण तिथे चूक असेल तर पुढचं सगळं फुकट. मुखपृष्ठ तपासताना मी ते पूर्ण पडद्यावर उघडत नाही. तुम्ही मित्रांना पूर्ण आकाराचं चित्र पाठवलंत, म्हणून ते ‘मस्त’ म्हणाले. गिऱ्हाईक ते तसं कधीच बघत नाही. छोट्या कॅप्सूलसाठी, म्हणजे दुकानाच्या याद्यांत दिसणाऱ्या मुखपृष्ठासाठी, स्टीम तुमच्याकडून 462 बाय 174 पिक्सेलची फाइल घेतं आणि तिच्यातून 184 बाय 69 आणि 120 बाय 45 अशा आणखी दोन लहान आवृत्त्या आपणच बनवतं. शोधाच्या यादीत दिसतं ते असलं चिमुकलं चित्र. 45 पिक्सेल उंची म्हणजे किती, हे कळायला तुमची फाइल त्या मापाला आणा आणि शंभर टक्क्यांवर ठेवून हातभर लांबून बघा. मी बघितली. यान म्हणजे एक तिरकी राखाडी काडी, ज्वाळा म्हणजे नारिंगी ठिपका, आणि नाव म्हणजे धुरकट रेघ. त्या अक्षरांची जाडी या मापात एका पिक्सेलच्याही आत जाते, त्यामुळे पांढरा रंग पांढरा राहतच नाही, मागच्या जांभळ्यात मिसळून करडा होतो. एवढं करून जे ओळखू येतं ते एकच: कडी असलेला ग्रह. आणि कडी असलेला ग्रह दुकानातल्या किती खेळांच्या मुखपृष्ठावर आहे ते मोजायला बसू नका, संध्याकाळ जाईल.

दुसरी परीक्षा रंग काढून. चित्र ग्रेस्केल करा. तुमच्याकडे जांभळा आणि गडद निळा असे दोन रंग आहेत असं डोळ्यांना वाटतं, पण उजळपणा जवळपास सारखाच असल्यामुळे ग्रेस्केलमध्ये दोन्ही एकच होतात. यान आणि पार्श्वभूमी वेगळी करणारी एकमेव गोष्ट म्हणजे ती ज्वाळा. म्हणजे चित्रातला सगळा कॉन्ट्रास्ट तुम्ही इंजिनाच्या शेपटीवर खर्च केलात.

अंतराळाच्या खेळांना आणखी एक खास दुखणं आहे, जे शेतीच्या किंवा मोटारीच्या खेळांना नाही. स्टीमच्या दुकानाची पार्श्वभूमीच गडद निळसर आहे. तुमच्या चित्राच्या चारही कडा काळपट निळ्या. परिणाम असा की कॅप्सूलची चौकट पानात विरघळते आणि मधला तेजोमेघ कुणी चुकून सांडलेल्या शाईसारखा दिसतो. उपाय सोपा आहे: चौकटीच्या निदान दोन कडांना भिडणारा उजळ भाग हवा. ग्रहाची दिवसाची बाजू हा त्यासाठी सगळ्यात प्रामाणिक उमेदवार. पूर्ण गोल ग्रह कोपऱ्यात टांगण्याऐवजी त्याची उजळ कमान चौकटीबाहेर जाऊ द्या. ग्रह कापला गेला की तो मोठा वाटतो, पूर्ण दिसला की चेंडू वाटतो. शिवाय तुमचं यान खालच्या कक्षेत फिरतंय. तिथून ग्रह पूर्ण गोल दिसायलाच नको.

आता शेजार बघू. चित्र एकटं कधीच दिसत नाही, म्हणून एकटं तपासायचंही नाही. स्टीमवर तुमच्या खेळाचे टॅग टाका, येणाऱ्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यात मधोमध आपली कॅप्सूल चिकटवा. निळं, काळं, जांभळं, एक यान, एक ग्रह, पुन्हा निळं. या गर्दीतून कोण सुटतं? ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ घ्या. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीचा हा खेळ 2011 साली लोकांपुढे आला आणि 2015 मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. कक्षीय यांत्रिकीचा इतका रुक्ष विषय, पण त्याची ओळख झाली ती मोठ्या डोळ्यांच्या हिरव्या चेहऱ्यांनी. यात दोन गोष्टी साधतात. हिरवा रंग निळ्यात उठून दिसतो, आणि तो चेहरा सांगतो की तुमचं रॉकेट फुटलं तरी हसायला हरकत नाही. ‘आउटर वाइल्ड्स’ने अंतराळाचा खेळ विकायला शेकोटी पुढे केली: थांबा, बसा, विचार करा. ‘नो मॅन्स स्काय’ने सत्तरच्या दशकातल्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांसारखे भडक रंग वापरून सांगितलं की हे शास्त्र नाही, भटकंती आहे. आणि आणखी मागे जायचं तर 1984 चा बीबीसी मायक्रोवरचा ‘एलिट’. पडद्यावर नुसत्या रेघांनी काढलेली यानं होती, तरी त्यांनी खोक्यावर पंखांचं सोनेरी बोधचिन्ह ठेवलं. यातल्या प्रत्येकाने यान आणि ग्रहापलीकडची एखादी गोष्ट पुढे आणली आणि ती गोष्ट खेळाच्या स्वभावातून उचलली. तुम्ही शेकोटी उचलू नका, हिरवे चेहरेही नकोत. तुमच्या खेळात काय आहे ते बघा.

चित्र गिऱ्हाईकाला जे वचन देतं त्याचा मुद्दा इथेच घेतो, कारण खेळ वेगळा आणि चित्र वेगळं असलं की ते नुसतं सौंदर्याचं प्रकरण राहत नाही. ‘नो मॅन्स स्काय’ 2016 च्या ऑगस्टमध्ये आला, तेव्हा त्याच्या स्टीमच्या पानाबद्दल ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तक्रारी गेल्या. पानावरच्या स्क्रीनशॉट आणि व्हिडिओंत दिसतं ते खेळात सापडत नाही, असं ग्राहकांचं म्हणणं होतं. नोव्हेंबरमध्ये प्राधिकरणाने जाहिरात दिशाभूल करणारी नाही असा निर्णय दिला. खेळातलं जग सूत्रांनुसार आपोआप तयार होतं, त्यामुळे प्रत्येकाला तेच दृश्य दिसणार नाही हे ग्राहकाला समजतं, असा त्यांचा रोख होता. खेळ बनवणारे हेलो गेम्स सुटले, पण तोपर्यंत रागाचा पूर येऊन गेला होता. दोघांच्या संघाला तसला पूर झेपत नाही. तुमच्या बाबतीत एवढं होणार नाही, पण स्टीमवर विकत घेतल्यापासून 14 दिवसांत आणि खेळण्याची वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. लढाईच्या आशेने आलेला माणूस पहिली कक्षा बदलण्याआधीच परतावा मागेल आणि जाताना नापसंतीचा अंगठा ठेवून जाईल.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, भौतिकशास्त्र. नुसत्या धूमधडाक्याच्या खेळाच्या मुखपृष्ठात भौतिकशास्त्र तपासणारा माणूस मला चिडका वाटतो. तुमच्या बाबतीत मात्र तपासायलाच हवं, कारण तुमचं गिऱ्हाईकच तसलं आहे. ते चित्र मोठं करून बघतं आणि चूक सापडली की तिथेच ठरवतं की या लोकांना विषय कळत नाही.

पहिली गोष्ट उजेडाची. तुमच्या ग्रहाची उजवी बाजू उजळ आहे, म्हणजे सूर्य उजवीकडे. यानावर मात्र प्रकाश डावीकडून वरून पडतोय. दोन सूर्य असतील तर तसं दाखवा, नाहीतर एक ठरवा. चित्रकारांना यानाची कड उठवायला दुसरा प्रकाश लागतो, हे मला ठाऊक आहे. तो तुम्हाला फुकट मिळतोय: ग्रहावरून परतलेला उजेड. खालच्या कक्षेतल्या यानाच्या पोटावर ग्रहाचा मऊ, निळसर-पांढरा उजेड येतो. सूर्याच्या बाजूला कडक पांढरा प्रकाश, पोटाला ग्रहाचा मऊ उजेड, आणि दोन्ही पोचत नाहीत तिथे धारदार काळी सावली. एवढ्यावर यान हवं तितकं उठून दिसतं आणि जाणकार मान डोलावतो.

दुसरी गोष्ट, चित्रात खोली दाखवायला चित्रकाराने लांबच्या वस्तू धूसर केल्यात. डोंगर काढताना हे बरोबर, कारण मध्ये हवा असते. कक्षेत हवा नाही. दहा किलोमीटरवरचं स्थानकही सुरीने कापल्यासारखं स्पष्ट दिसेल. मग मोठेपणा कळायचा कसा? ओळखीच्या मापाच्या वस्तूंनी. खिडकी, शिडी, अँटेना, स्थानकाच्या बाहेर काम करणारा एखादा अंतराळवीर. तुमच्या यानावर अशी एकही वस्तू नाही, त्यामुळे ते दहा मीटरचं आहे की एक किलोमीटरचं, काही कळत नाही.

तिसरी, वातावरण. ग्रहाभोवती जाड निळं वलय काढलंय. पृथ्वीचं उदाहरण घेतलं तर त्रिज्या 6371 किलोमीटर आणि अंतराळाची रूढ हद्द 100 किलोमीटरवर, म्हणजे त्रिज्येच्या दीड टक्क्याच्या आसपास. खरं वातावरण म्हणजे ग्रहाच्या कडेवरची बारीक उजळ रेघ. आणि गंमत म्हणजे ती रेघ लहान मापात त्या जाड वलयापेक्षा जास्त चांगली दिसते, कारण तिची कड ठाम असते.

ज्वाळेवर मी सगळ्यात जास्त नाराज आहे. निर्वातात बाहेरून दाबणारी हवा नसते, म्हणून इंजिनाचा झोत लगेच पसरतो आणि विरळ होतो, ती लांब निमुळती मशाल तिथे जमत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तुमचा खेळ डॉकिंगचा आहे. स्थानकाजवळ मुख्य इंजिन पेटवून येणारा माणूस डॉकिंग करत नसतो, अपघात करत असतो. तिथे माणसाच्या चालण्यापेक्षाही कितीतरी हळू सरकायचं असतं आणि छोटे थ्रस्टर मधूनच एकेक फुंकर मारतात. म्हणजे चित्रातली सगळ्यात भडक गोष्ट तुमच्या खेळाच्या नेमकी उलट आहे.

तारे राहू द्या. अपोलोच्या चंद्रावरच्या फोटोंत तारे दिसत नाहीत, कारण उजळ जमिनीसाठी ठेवलेल्या एक्स्पोजरमध्ये ते उमटत नाहीत, आणि कुणीतरी प्रतिक्रियेत हे लिहिणारच. लिहू द्या. थोडे, लहान तारे नसतील तर लहान मापात काळा भाग नुसती रिकामी जागा वाटतो. तेजोमेघ मात्र काढून टाका. पृथ्वीजवळच्या कक्षेतून असा जांभळा ढग दिसत नाही आणि रंगाचा सगळा घोटाळाही त्यानेच केलाय.

मग काय दाखवायचं? इस्रोची स्पेडेक्स मोहीम आठवा. 30 डिसेंबर 2024 ला पीएसएलव्ही-सी60 ने दोन उपग्रह वर नेले, प्रत्येकी साधारण 220 किलोचे. 7 आणि 9 जानेवारीचे डॉकिंगचे बेत पुढे ढकलावे लागले. 12 तारखेला ते 15 मीटरवर आणले, मग 3 मीटरवर आणले, आणि पुन्हा मागे घेतले. 16 जानेवारीला जोडणी झाली आणि भारत हे साधणारा चौथा देश ठरला. या सगळ्यात लोकांचा श्वास अडकला होता तो त्या तीन मीटरच्या फटीवर. तुमचं मुखपृष्ठ तिथे आहे. दोन वस्तू, समोरासमोर, मध्ये थोडी जागा. डावीकडून यानाचं नाक, उजवीकडून स्थानकाचं डॉकिंगचं कडं, आणि त्या फटीतून मागची ग्रहाची उजळ कमान दिसते. सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्ट त्या फटीत. 120 बाय 45 लाही दोन गडद आकार आणि मध्ये उजळ फट एवढं नक्की ओळखू येतं, आणि अशी रचना त्या निळ्या-काळ्या यादीत मला तरी फारशी दिसत नाही. हवं तर कक्षेची एखादी बारीक, वाकडी रेघ मागून जाऊ द्या. तसल्या खेळांचा चाहता ती रेघ लांबूनही ओळखतो. पण एकच. पडद्यावरचे आकडे, बाण, नॅव्हबॉल (यानाची दिशा दाखवणारा गोळा) यांची गर्दी मुखपृष्ठावर नको, त्यासाठी खाली स्क्रीनशॉट आहेत.

लोगोबद्दल. विरळ, बारीक अक्षरं ही अंतराळाच्या खेळांची सवयच झाली आहे आणि लहान मापात ती हमखास मरतात. जाड अक्षरं घ्या, अंतर कमी करा, आणि नाव लांब असेल तर दोन ओळींत मोडा. छोट्या कॅप्सूलमध्ये लोगोने जवळजवळ पूर्ण चौकट भरावी असं स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीचं स्वतःचंच सांगणं आहे. तिथे चित्र नावाच्या मागे लागून राहिलं तरी पुरे. मोठी कॅप्सूल 1232 बाय 706 ची, तिथे फटीची रचना श्वास घेऊ शकते.

देवनागरी ओळीचं उत्तर दोन भागांत. नियमानुसार ती जाते. 1 सप्टेंबर 2022 पासून कॅप्सूलवर फक्त खेळाचं चित्र, खेळाचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक चालतं. पुरस्कार, परीक्षणाचे तारे, सवलतीची जाहिरात, घोषवाक्य, काही नाही. ‘कक्षा गाठा, माल पोचवा’ हे घोषवाक्य आहे. नियम मोडणाऱ्या पानाची दुकानातली दृश्यमानता कमी होऊ शकते आणि अधिकृत कार्यक्रमांत ते पुढे आणलं न जाण्याचा धोका असतो, तेव्हा एका ओळीसाठी हा जुगार नको. खेळाचं नावच देवनागरीत ठेवायचा विचार असेल तर मात्र तो मला आवडेल, फक्त अक्षर त्या मापासाठी घडवून घ्या. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे 45 पिक्सेलमधली बरीच उंची त्यांच्यात जाते आणि अक्षराच्या अंगाला उरते ती निम्मी. शिरोरेखा जाड धरली तर ती लांबूनही दिसणारी एक ठाम आडवी रेघ देते, तिचा उपयोग करा. तयार फॉन्टमध्ये नाव टाइप करून त्यावर चमक चढवणं हा उपाय नाही.

बाकीची मापं भराभर. उभी कॅप्सूल 748 बाय 896 आणि लायब्ररीची, म्हणजे विकत घेतलेल्या खेळांच्या संग्रहातली, 600 बाय 900, या आडव्या चित्रातून कापून काढू नका, नव्याने मांडा: स्थानक वर, यान खालून येतंय, फट मध्ये. लायब्ररी हिरो, म्हणजे त्या संग्रहात खेळाच्या पानावर वर येणारं रुंद चित्र, 3840 बाय 1240, त्यावर अक्षरं चालत नाहीत आणि खिडकीच्या आकारानुसार कडा कापल्या जातात, म्हणून मुख्य गोष्ट मध्यावर ठेवा. इच.आयओ या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर डेमो टाकणार असाल तर तिथे 630 बाय 500.

चित्रकाराकडे परत जाताना ‘जरा बदलून द्या’ म्हणू नका. ही नवी रचना आहे, तिचे नवे पैसे ठरवा. पहिल्या टप्प्यात रंगवलेलं काही मागू नका. काळ्या-पांढऱ्या तीनचार कच्च्या रचना मागा, आणि त्या 120 बाय 45 लाच मागा. त्यातली जी ओळखू येते तीच पुढे रंगवा. यान, स्थानक, ग्रह, लोगो सगळे वेगळ्या लेयरवर असलेली फाइल करारातच लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक मापासाठी पुन्हा फोन करत बसाल. एआय वापरलं असेल तर तेही स्पष्ट विचारा. जानेवारी 2024 पासून व्हॉल्व त्याची माहिती विचारतं आणि ती दुकानाच्या पानावर छापली जाते. तुमच्या सध्याच्या चित्रात मला तसली शंका आली नाही, यानाच्या पत्र्यांचे सांधे नीट जुळलेत.

आकड्यांचं म्हणाल तर स्टीममध्ये कॅप्सूलची दोन चित्रं एकाच वेळी आलटूनपालटून दाखवून तपासायची सोय नाही. स्टीमवर्क्स या खेळ बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या विभागातल्या ट्रॅफिक अहवालात किती वेळा कॅप्सूल दिसली आणि किती जण पानावर आले ते मिळतं. तिथे एकूण आकडा बघू नका, स्रोतानुसार बघा. शोधाच्या यादीतून येणाऱ्यांचं प्रमाण बदलण्याआधी आणि नंतर ताडून पाहा. त्याच आठवड्यात ट्रेलर किंवा पहिले स्क्रीनशॉट बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. आणि क्लिक वाढले पण विशलिस्ट वाढली नाही, तर समजा की चित्र अजूनही चुकीच्या माणसाला बोलावतंय.

वेळेचं: नेक्स्ट फेस्ट वर्षातून तीनदा होतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, पण एका खेळाला त्यात एकदाच भाग घेता येतो. तेव्हा बदल त्याच्या आधीच, आणि मोजायला निदान काही आठवडे हातात ठेवून. नवं चित्र तोवर होत नसेल तर या खेपेला नाव मागे घ्या आणि पुढच्या फेस्टला उतरा. लोगो तेवढा आजच जाड करा आणि देवनागरी ओळ काढा, त्याला चित्रकाराची वाट बघायची गरज नाही.